चंद्री घोडीचा स्वार

दाराच्या कडीवरचा हात इंद्रभाननं मागं घेतला. आत त्याची बायको दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत होती.

"मंग ते घोडीवरून उतरलेच नाईत," अन्नपूर्णा सांगत होती. "तशेच तळ्यात घुसले. लोणारच्या तळ्याखाली नागराजाचा वाडा हाय ना, थेट त्याच्या आंगनात जाऊन उभे राह्यले."

"आन् घोडी बुडाली नाई?" शेजारच्या खुर्शीदानं विचारलं.

"चंद्री कायले बुडते? ते तिच्या कानात गानं म्हनत होते."

बाया हसल्या. अन्नपूर्णाही हसली. हे हसणं इंद्रभानच्या ओळखीचं नव्हतं.

उन्हाळा लागला म्हणून नागपूर सरकारच्या हुकमानं चिखलीची तहसील कचेरी सकाळची झाली होती. दुपारी आपलं घर कसं असतं, हे त्याला लग्नानंतर आज पहिल्यांदा ऐकू येत होतं. अंगणात बाया शेवया वळत होत्या, आणि जी बायको त्याच्याशी तेल-मिठापलीकडे बोलत नसे, ती भान हरपून एका परपुरुषाचं कौतुक करत होती. तो खाकरला आणि आत गेला. बायांनी पदर सावरले.

त्या दिवशी त्यानं भाकरीचा पापुद्रा असा ओरबाडून काढला की अन्नपूर्णानं मान वर करून पाहिलं. रोज तो पापुद्रा हळूच काढून आधी खायचा. विचारलं मात्र त्यानं काही नाही. कचेरीत तो निकालांच्या नकला करायचा. पदरचा एक शब्द घालायची तिथं मनाई होती, आणि ती मनाई हा गृहस्थ घरीही पाळत आला होता.

पण दुसऱ्या दिवशीही तो दाराआड थांबला. तिसऱ्या दिवशीही. गोष्ट खोटी आहे, एवढं त्याला कळत होतं. पण गोष्टीतला माणूस खरा होता. नागराजाच्या पंगतीत बसूनही तो भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायचा. असलं बारीक कोणी मनानं रचत नसतं, ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शिवाय घोडीला नाव होतं, नागराजाच्या पोरीलाही नाव होतं. त्या माणसाचं नाव तेवढं ती घेत नव्हती. म्हणजे लपवत होती.

इंद्रभाननं त्याला मारायचं ठरवलं. कचेरीत बसून, लिहिता लिहिता, मनातल्या मनात. एका सकाळी त्यानं त्याला पैनगंगेच्या पुरात ढकललं. तो मगरीवर बसून काठाला आला आणि मगरीला रामराम करून निघून गेला. मग राजूरच्या घाटात इंद्रभाननं त्याच्या अंगावर वाघ सोडला. तर वाघ मुकाट्यानं त्याच्या मागून चालू लागला आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात बायांनी त्या वाघाला गूळ खाऊ घातला. वाघाच्या मिशांना गूळ चिकटला. इंद्रभान फसकन हसला.

हेडक्लार्क महादेवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय वो इंद्रभान, तब्येत बरी हाय ना?"

"हाव, बरी हाय."

बरी होतीच. कित्येक वर्षांत एवढी बरी नव्हती. लहानपणी ढगांत हत्ती पाहायचा तेव्हा असं हलकं वाटायचं. मग त्याला आठवलं की आपण कोणापायी हसलो, आणि त्याचा जळफळाट दुप्पट झाला. या माणसानं बायको तर नेलीच, आता डोक्यातही घर केलं.

त्या दुपारी दाराआडून त्याला ऐकू आलं, "आन् येता येता त्यायनं माह्यासाठी चांदन्याच्या बांगड्या आनल्या."

इंद्रभाननं दार ढकललं.

"कोन हाय वं तो?"

बायांचे हात थांबले. अन्नपूर्णाचे हात पिठात होते. तिनं मनगटानंच पदर पुढे ओढला.

"मी रोज ऐकून राह्यलो," तो म्हणाला. "त्याचं नाव सांग. मंग आजच तुले उंद्रीले माहेरी नेऊन सोडतो."

"नाव नाई सांगता येत मले."

"काऊन?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी खुर्शीदानंच मान खाली घालून म्हटलं, "भाऊ, कसं घ्यावं तिनं ते नाव? अन्नपूर्णाबाई, उखान्यात घे वं. आता त्याबिगर सुटका नाई."

अन्नपूर्णानं हातावरचं पीठ झटकलं. लग्नातल्या पंगतीत बसली होती तशी जमिनीकडे पाहत, अगदी हळू म्हणाली,

"लोणारच्या तळ्यामधी चांदन्याचं पानी,
इंद्रभानरावांची सांगते मी कहानी."

कोणी हसलं नाही. शेवयांवर माशी बसली, तीही कोणी हाकलली नाही. इंद्रभान कचेरीतली छत्री बगलेत धरून उंबऱ्यात उभा होता. इतके दिवस ज्याचा जीव घ्यायला तो टपला होता, तो माणूस घामानं भिजलेला कोट घालून उभा होता.

"पाय धुऊन घ्या," अन्नपूर्णा खाली मान घालूनच म्हणाली. "भाकर तयार हाय."

इंद्रभाननं छत्री कोपऱ्यात ठेवली. टोपी काढली. मग मागं वळून त्यानं उघड्या दाराबाहेर पाहिलं.

"आधी चंद्रीले पानी दाखव," तो म्हणाला, "आन् वाघाले जरासा गूळ दे. दोघंही कवाचे उन्हात उभे हायेत."