कोरडं पीठ

ताट भरून लाडू वळून झाले, पण हात कोणाचाच पुढं आला नाही.

शाळेच्या ओसरीवर गावातल्या पंधरावीस बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध शेगडी, आणि शेगडीजवळ सत्यशीला. घाटंजीच्या ब्लॉकातून नेमलेली ही नवी ग्रामसेविका. गावात येऊन तिला अजून पुरता महिनाही झाला नव्हता. शेजारी एस.टी.च्या टपावरून आलेलं पोतं. पोत्यात शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली ढेप, साफ करून मैद्यासारखी दळलेली. त्याच पिठाचे लाडू तिनं आपल्या हातानं वळले होते. देशात पोरांना दूध पुरत नाही, डाळ पुरत नाही, मग ढेपेतलं बळ नुसत्या बैलांच्या पोटात कशाला जाऊ द्यायचं, असा सरकारचा नवा विचार होता. तो बायांच्या गळी उतरवायचं काम सत्यशीलाकडं आलं होतं.

"म्हंजे तेल शहरानं खाल्लं अन् ढेप आमाले?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी ओसरी खदखदून हसली.

सत्यशीलाही हसली. थट्टा होणार हे ती धरूनच आली होती. तिनं ताटातला एक लाडू उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. "पाहा. मले शिंगं फुटले काय?"

पुन्हा हशा. पण ताट होतं तसंच राहिलं. एकीला उपास निघाला, एकीची दाढ दुखत होती. एक तर नुसतीच "मंग खातो ना, बाई" म्हणत लुगड्याचा काठ सारखा करत बसली.

ढेपेचीच किळस आहे, सत्यशीलानं मनाला बजावलं. ढोराचं खाणं माणसानं खा म्हटल्यावर एवढं चालायचंच. आज नाही तर उद्या खातील. ढेपेचीच असू दे, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

पुढं धुरपताबाई बसली होती. गावातल्या बाया हिच्या शब्दाबाहेर जात नसत. तिच्या आडोशाला तिची पोटुशी सून, सुखी. सुखीची नजर ताटावरून हलत नव्हती.

"वास तं मस्त येऊन राह्यला," ती सासूच्या कानाशी पुटपुटली, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं.

सत्यशीलानं घाईनं ताट तिच्यापुढं केलं. "घे न वं. तुलेच तं पायजे हे."

धुरपताबाईनं सून आणि ताट यांच्यामध्ये आपला पदर पसरला. अगदी सहज. "मले कोरडं पीठ द्या, बाई. घरी करून घालतो इले."

सत्यशीलानं पदरात पीठ घातलं. लगेच दुसरीनं पदर पसरला, मग तिसरीनं. उपासवाली उठून आली, दाढवालीही आली. गूळ किती घालायचा, पीठ आधी भाजायचं का, सगळं बायांनी खोदून खोदून विचारून घेतलं. ढोरांचं नाव आता कोणाच्याच तोंडी नव्हतं. बघता बघता पोतं झटकायची वेळ आली, आणि ओसरी रिकामी झाली.

ब्लॉकातले साहेब खूश होणार होते. दुसऱ्या गावांत अशी पोती उंदरांनी खाल्ली होती.

सत्यशीला मात्र रिकामं पोतं हातात धरून उभी राहिली. ढेपेची किळस कोणालाच नव्हती. पहिल्या दिवशी बायांनी तिला गाव विचारलं होतं, आडनाव विचारलं होतं, आणि तिनं दोन्ही सांगून टाकलं होतं. तेव्हापासून विहिरीवर कोणी तिला दोर धरू देत नसे. "तुमी कायले तरास घेता," म्हणत बाया वरूनच तिच्या घागरीत पाणी ओतत, आणि ही खुळी गाव किती मायाळू म्हणून मनात हरखत खोलीवर येई. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन नागपूरहून परतल्यावर तिचा बाप, धर्मपाल, तिला म्हणाला होता, "आता आपन ते राह्यलो नाई, पोरी." बापानं ते पोरीला सांगितलं होतं. गावाला कोण सांगणार?

दिवेलागणीला धुरपताबाई परत आली. सत्यशीला ओसरीवर एकटीच बसून होती, ताट अजून शेजारीच. म्हातारीनं पळसाच्या पानावर दोन लाडू आणले होते. पान तिनं हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं.

"सुखीनं पोटभर खाल्ले," ती कौतुकानं म्हणाली. "तुमी सांगतलं तसेच केले. तुमच्यावानी झाले का, पाहा बरं."

सत्यशीलानं एक लाडू तोंडात घातला. गूळ थोडा जास्त होता, पण लाडू चांगला झाला होता. तिनं आपलं ताट उचललं आणि दोन्ही हातांनी म्हातारीपुढं धरलं.

"माह्यावानी झाले का, ते तुमीच सांगा, मावशी. एक खाऊन पाहा. कोनी नाई इथं."

धुरपताबाईनं मागं वळून रस्ता पाहिला. रस्त्यावर खरंच कोणी नव्हतं. तिचा हात पदराखालून बाहेर आला, ताटाच्या जवळ आला, आणि तिथूनच मागं गेला.

"तुमी लय गुनाच्या हा, बाई," मग ती म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणत होती. "पन मले गावात राहाचं हाये."

ती पायऱ्या उतरून गेली. राहायचं सत्यशीलालाही गावातच होतं.