कपाटावरचं चित्र

"उजेड दिसला," म्हातारा म्हणाला. "आणि माझी मेलेली आत्या. जिवंतपणी सारखी खेकसायची, तिथे चक्क हसत होती."

"बरं. आणि कपाटावर काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं कपाट?"

डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि थोरल्या सिस्टरांकडे वळून म्हणाले, "चहा सांगा हो. साखर जरा सढळ हाताने."

सिस्टरांना या माणसाचं नवल वाटे. अतिदक्षता विभागात कोपऱ्यातल्या खाटेशेजारी औषधांचं उंच कपाट होतं. त्याच्या माथ्यावर, छताकडे तोंड करून, डॉक्टरांनी एक चित्र ठेवलं होतं. खालून ते कुणालाच दिसत नसे. हृदय बंद पडून परत आलेली माणसं सांगत, आम्ही वर तरंगत होतो, खाली आमचंच शरीर पडलेलं पाहत होतो. मग वरून चित्रही दिसलं असेल, काय होतं ते सांगा, असा डॉक्टरांचा सरळ हिशेब. चित्र अधूनमधून बदललं जाई. तेही दुसऱ्याच विभागातला माणूस येऊन बदली, म्हणजे इथल्या कुणाच्या तोंडून ते फुटायला नको.

आजवर एकालाही ते सांगता आलं नव्हतं. स्वर्गाचा पत्ता शोधणारा दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. डॉक्टर मात्र प्रत्येक नकारानंतर ताजेतवाने होत, शीळ घालत वॉर्डातून फिरत. शास्त्रज्ञांचं काळीजच वेगळं, अशी सिस्टर स्वतःची समजूत घालत.

या शोधामागचं दुःख तर अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. डॉक्टरांची लहानगी मुलगी गॅलरीतून पडून गेली होती. आई कपडे वाळत घालून आंघोळीला गेली आणि गॅलरीच्या दाराची वरची कडी लावायला विसरली. आधी ती छातीठोकपणे सांगायची, मी कडी लावली होती. पण दुःखात माणसाला हवं तेच आठवतं, हे डॉक्टरांनी तिला हळूहळू पटवून दिलं. वर एका शब्दाने कधी दुखावलं नाही. लोक म्हणत, देवमाणूस आहे, दुसऱ्याने घराबाहेर काढली असती. ती मात्र झुरत गेली आणि शेवटी तिचंच हृदय थकलं.

तिला वॉर्डात आणलं तेव्हा कपाटाजवळची खाट तयार होती.

"तिथे नको," डॉक्टर म्हणाले. "खिडकीजवळची द्या."

"पण सर, इथून शॉकचं मशीन जवळ पडतं."

"सांगितलं ना, नको!"

सिस्टरांना वाईट वाटलं. बायकोच्या जिवावर प्रयोग करायला कुणाचं मन धजेल?

डॉक्टर गेल्यावर वहिनींनी सिस्टरांचं मनगट धरलं. "सिस्टर, मला कपाटाजवळच ठेवा."

"वहिनी, भलतंसलतं बोलू नका. बऱ्या होऊन घरी जाणार आहात तुम्ही."

"मला नाही जायचं घरी. तिकडे काही आहे की नाही, एवढं कळलं म्हणजे झालं. असेल तर माझी चिमी तिथे असेल, तिची माफी मागेन. नसेल तर मागू कुणाकडे?"

सिस्टर हाडाच्या कडक, पण त्यांचेही डोळे भरून आले. खिडकीजवळचं मशीन कुरकुर करतंय अशी थाप मारून त्यांनी वहिनींना कोपऱ्यात हलवलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. चारचौघांत ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचं हृदय बंद पडलं. सगळे धावले. सिस्टर छाती दाबत राहिल्या, हात भरून आले तरी थांबल्या नाहीत.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "सोडा आता. किती हाल करायचे तिचे?"

सिस्टरांनी उभ्या जन्मात डॉक्टरांचा शब्द मोडला नव्हता. आज त्यांनी ऐकलंच नाही. त्या दाबत राहिल्या आणि हृदय पुन्हा चालू झालं.

सकाळी वहिनी बोलू लागल्या. डॉक्टर पायथ्याशी उभे होते, पण नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. बिचाऱ्याला धीर होत नसेल, म्हणून सिस्टरांनीच विचारलं, "वहिनी, वर काय होतं?"

"छत्री," वहिनी म्हणाल्या. "लाल. पाण्यावर उलटी तरंगत होती."

सिस्टरांनी शिडी ओढली.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "औषधांची गुंगी आहे. काहीही बरळतेय ती."

दुखऱ्या गुडघ्यांना न जुमानता सिस्टर वर चढल्या. चित्र घेऊन उतरल्या तेव्हा त्या ढसाढसा रडत होत्या. पाणी होतं, आणि पाण्यावर उलटी पडलेली लाल छत्री.

"आहे हो, सर! खरंच काहीतरी आहे! तुमची तपश्चर्या फळाला आली!"

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. अंगातला शर्ट घामाने भिजला होता. इतक्या वर्षांनी पदरात पडलेलं सुख माणसाला पेलत नाही, सिस्टरांना वाटलं. त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि वहिनींच्या उशाशी वाकल्या.

"आणि चिमी? ती भेटली?"

"भेटली ना."

"आता बोलू नकोस, दमशील," डॉक्टर घाईने म्हणाले. "सिस्टर, हिला झोपेचं इंजेक्शन द्या."

सिस्टर हलल्या नाहीत. "माफ केलं ना हो तिने?"

वहिनी नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"मी माफी मागायला लागले तर माझे डोळे पुसत म्हणाली, 'आई, तू कशाला रडतेस? कडी तर बाबांनी काढली. मला कठड्यावर त्यांनीच बसवलं होतं.'"