भिंतीमागची टकटक

“त्या भिंतीकडे जाऊ नको, भाऊ!” लहानपणी भाग्येश गेम खेळताना मोहिनीताई ओरडायची. जुन्या डॉस संगणकावरचा तो गेम मुका होता. स्पीकर बिघडलाय, एवढंच त्याला ठाऊक. गेममधल्या त्या भिंतीतलं शेवटचं दार मात्र उघडायचं राहूनच गेलं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला ताई म्हसावदला माहेरी आली होती. बाहेर निंबाच्या झोक्यावर गाणी रंगलेली, आणि भाग्येश त्याच गेमच्या नव्या, खुल्या कोडच्या आवृत्तीवर चिडलेला. दार उघडेना, भिंतीमागची टकटक थांबेना. सगळा कोड चाळला. असला आवाज त्यात नव्हताच.

वैतागून त्यानं स्पीकरची वायरच उपटली.

टक. टक.

ताईनं हातातलं सांजोरीचं ताट खाली ठेवलं.

“जुना स्पीकर बिघडेल नव्हता, भाऊ. मीच वायर काढी ठेयेल व्हती. तरी ती टकटक माले ऐकू ये.”