फाटक टाळणारी वाट

कॉलनीतली पायवाट रोज पहाटे आपली आपण सरकायची. माणसं जिथून चालत किंवा सायकलवर जात, तिथे ती जायची. आज ती कुमुदताईंचं फाटक सोडून पाण्याच्या टाकीमागून गेली होती.

कुमुदताईंनी सेक्रेटरी बोंद्र्यांना गाठलं. “कोणी हात ओले केले तुमचे?”

“ताई, वाट पावलांवरून शिकते. तुम्ही फाटकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारता, कुठे निघालात, मुलीचं जमलं का. म्हणून लोक टाकीमागून जायला लागले.”

“काहीतरीच! सुरुवात कोणी केली? नाव सांगा.”

बोंद्रे घुटमळले. मग त्यांनी मोबाईलवर वाटेची नोंद उघडून दाखवली. टाकीमागची पहिली पावलं कुमुदताईंच्याच मागच्या दारातून निघाली होती.

घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच राहत होते.