आठव्या किलोमीटरची कळ

शर्यतीत आठवा किलोमीटर आला की तनुजाच्या पोटात कळ यायची आणि तिला थांबावं लागायचं. सलग तीन शर्यती अशाच गेल्या, तरी तिच्या प्रशिक्षक शिकलगार मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाऊन येतेस?"

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहा आणि निघताना तांब्याभर म्हशीचं दूध.

"दर आठवड्याला यातलं एक बंद करून बघू," मॅडम म्हणाल्या. तनुजाला गंमत वाटली. चटणी बंद केली, कळ आलीच. चहा सोडला, तरी आली. तिसऱ्या आठवड्यात ती दूध न पिता धावली आणि दहावा किलोमीटर कधी संपला, ते तिला कळलंसुद्धा नाही.

आता घरी सांगायचं होतं. तिच्या धावण्यासाठी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मुद्दाम म्हैस घेतली होती. आप्पा धार काढत असताना ती गोठ्याच्या दाराशी उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

आप्पांचे हात थांबले. तरुणपणी ते कुस्ती खेळायचे, मग एकाएकी त्यांनी तालीम सोडली होती. का, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"मलाही असंच व्हायचं," ते म्हणाले. "वस्ताद म्हणायचे, दूध वाढव. मी वाढवत गेलो. शेवटी वाटलं, आपल्यातच दम नाही."

पुन्हा धार काढायला घेत त्यांनी विचारलं, "तुझ्या मॅडमना विचारशील का, मी काय खायला हवं होतं?"