दुसरी मूठ

दारासमोरचं झाड वाऱ्यानं आडवं झालं, तसा शेजारी म्हणाला, “काका, दुपारी सफाईवाले उचलून नेतील. त्याआधी कापून घ्या, हिवाळाभराचं जळण होईल.” म्हातारा सुतार घुटमळला. फुकटचं लाकूड कुणाला नको असतं? पण जाड खोडाला दोन मुठींची करवत लागते, आणि चाळीस वर्षं दुसरी मूठ बायकोनं धरलेली. आता तिला घटकाभरापूर्वी जेवलेलंही आठवत नव्हतं. तरी त्यानं करवत खोडावर टेकवली, तोच ती पायरीवरून उठली, न सांगता मूठ धरून बसली. करवत चालू लागली. तिचे हात काहीच विसरले नव्हते. “अहो, ढकलू नका, नुसती ओढा!” ती पूर्वीसारखीच खेकसली. त्याचे डोळे भरून आले. सगळं झाड घरी न्यायचं, त्यानं ठरवलं. “आमच्या ह्यांनाही हेच सांगून थकले,” ती म्हणाली. “येतीलच एवढ्यात. तुमचं नाव काय म्हणालात?”