सातवं रीळ

"एक फ्रेमसुद्धा वाढवणार नाही, काका," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात लोकांनी जो सिनेमा पाहिला, तोच परवा पडद्यावर दिसेल."

जुने सिनेमे दुरुस्त करणारी ही पोरगी भलतीच हट्टी. चाळीस वर्षांपूर्वी या सिनेमाचं संकलन काकांनीच केलं होतं.

"आणि सातवं रीळ?"

"सगळीकडे सडलेलं हो! पण नशीब बघा. गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या थिएटरच्या मालकीणबाई स्वतः डबा उचलून घेऊन आल्या. पहिल्या आठवड्याची प्रत! फिल्मचे जोडसुद्धा तुमच्या हातचे."

संपलं सगळं, काकांना वाटलं.

सातव्या रिळात त्यांची बायको होती. म्हणजे असायला हवी होती. खिडकी उघडून "उजाडलं बरं का" म्हणणारी नर्स. तिची आयुष्यातली एकुलती एक भूमिका. सिनेमा लांबला, तेव्हा मिनिटभर काहीतरी काढा म्हणून दिग्दर्शक मागे लागला. दुसऱ्या कुणा नटाचं काम कापलं असतं तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. बायको काय, घरचीच! काकांनी तिलाच कापलं.

ती तेव्हा बाळंतीण होती, थिएटरात जाणार नव्हती. तिचा तुकडा जोडून काकांनी वेगळं सातवं रीळ बनवलं आणि घरी भिंतीवर दाखवलं. ती हरखून गेली. रीळ पलंगाखाली गेलं ते तिथेच राहिलं.

पुढे निर्मात्याने सिनेमा निम्मा कापून पुन्हा लावला. टीव्हीवरही तीच आवृत्ती. काकांचं फावलं. "ही मोडतोड केलेली आहे गं," ते दर वेळी म्हणायचे. "मुळात तू आहेस." शेजारीपाजारी सगळ्यांना तिने तेच सांगून ठेवलं होतं. आता मूळच येत होतं आणि तिने सगळ्यांना बोलावलं होतं.

"परवा नको जाऊया," घरी येऊन ते म्हणाले. "तुझी कंबर..."

"महिनाभर चोळतेय की मलम. आवराआवर करताना धरली एवढंच. मी येणार म्हणजे येणार!"

सांगून टाकावं, त्यांना वाटलं. त्यांनी मलमाची डबी तिच्यापुढे सरकवली. स्वतःचीच चीड आली.

खेळाच्या दिवशी ती थिएटरच्या दाराशी अडून बसली. "दिवे गेल्यावर आत शिरू. मला मेलीला लाज वाटते."

सातवं रीळ सुरू झालं आणि काकांनी डोळे गच्च मिटले.

"उजाडलं बरं का."

त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर ती होती. मागच्या रांगेत शेजारी टाळ्या वाजवत होते.

"अगं, हे मुळात नव्हतं," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मीच तुला..."

"माहीत आहे. बाळाला ताईकडे टाकून पहिल्याच आठवड्यात पाहून आले होते मी." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "डबा भारी जड होता हो. पण थिएटरची मालकीण बरी वठवली ना मी?"